शेंदराचे दोन ठिपके

कळंब रस्ता, वालचंदनगर
३ नोव्हेंबर २०२५

बुद्धघोषराव यांस केसरबाईचा जयभीम.

तुमी आमच्या दारातनं पाठ फिरवून गेला त्याला आठ वर्सं झाली. मी पत्र लिहिलं म्हणून माझं मन वितळलं असं समजू नका. काम हाय.

म्हाताऱ्याला लकवा मारला. ऑगस्टच्या सतरा तारखेला, आंघोळीच्या दगडावर. उजवी बाजू गेली आन तोंडबी गेलं. भूक लागली तरी 'आं' आन नाकावर माशी बसली तरी 'आं'. डॉक्टर म्हणाला, आजी, जेवढे दिवस हायेत तेवढे सांभाळा. किती हायेत ते बोलला न्हाय, पण औषधाची चिठ्ठी महिन्याच्या वर लिहीत न्हाय, त्यावरनं मी समजले.

आता कामाचं. तुमी दोघांनी अकरा वर्सं सुट्ट्या घालवून केलेलं ते इंजिन अजून शेडात हाय. गुडघ्याएवढं धूड, पण मोठा माणूस त्याच्यावर पाय टाकून बसतो आन वीतभर रुंद रुळावरनं घराला फेरी मारतो, हे तुमाला मी काय सांगावं. दरसाल धम्मचक्र दिनाला वस्तीतली पोरं त्याच्यावर बसवायचा रिवाज. औंदा दसरा झाला आन म्हाताऱ्यानं डाव्या हाताचं बोट शेडाकडं करायचं धरलं. मला वाटलं, रिवाज आठवतोय. म्हणून लेकानं, आनंदनं, चौदा ऑक्टोबरला भट्टी पेटवली. वाफ झाली, पण इंजिन चालंना. नुसतं उसासे टाकतं.

तवापासनं चमचा तोंडाशी नेला की म्हातारा दात आवळतो. बोट शेडाकडं. पातळ पेज गालात ओतावी लागती, निम्मी उशीवर जाती. एकदा ते चालताना त्याला दिसलं म्हंजी गप घास घेईल, न्हायतर गप मरंल. दोन्हीतलं काहीतरी एक होऊ दे.

एमआयडीसीतला एक फिटर आनंदनं आणला हुता. त्यानं मोबाईलमधी सतरा फोटो काढले आन म्हणाला, आमचं सगळं बटणाचं असतं, असलं वाफेचं आमाला येत न्हाय. चहा पिऊन गेला. म्हणून तुमी.

फोन करू नका. फोन अनिताकडं असतो, ती सून, तिच्या कानात तो चिकटलेलाच. आन खाट त्याच खोलीत. तुमचं नाव ऐकलं की म्हातारा खाट हलवतो. शिवाय फोनवरचं मला ध्येनात राहत न्हाय. कागद असला तर खिळ्याला अडकवून बघून बघून करता येतं. रात्रीच्या वर्गात बाईनं शिकवलेली अक्षरं कामाला आणतीय, हसू नका.

शेजारच्या इंदिरेशी बोलणं बंद हाय, न्हायतर तिच्या नवऱ्यानं हात लावला असता. ते वेगळं हाय.

केसरबाई


कऱ्हाटी
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

केसरवहिनींस सविनय जयभीम.

तुमचं पत्र दोन वेळा ऐकलं. दादाचं वाचून रात्री भाकरी गेली नाही. आठ वर्षांत मी निदान दहा वेळा वालचंदनगरच्या गाडीत बसायला स्टँडवर गेलो असेन. दर वेळेला वाटलं, आधी त्यानं बोलवावं. आता त्याचं तोंडच गेलं, म्हणजे जिंकला तोच.

वहिनी, इंजिनाला राग नसतो, कारण असतं. एकेक विचारतो, तसं बघून लिहा. काचेच्या नळीत पाणी किती दिसलं? घड्याळासारखा काटा आहे तो कुठवर गेला? ऐंशीच्या खाली असेल तर ते दोन माणसंसुद्धा ओढणार नाही. पाणी कुठलं घातलं? बोअरचं घातलं असेल तर आत चुना धरला असेल. आणि लिव्हर ओढल्यावर नक्की काय झालं ते लिहा. 'उसासे' म्हणजे वाफ धुराड्यातून गेली की खालून, पिस्टनजवळून? चाकं जराही फिरली का? कुठल्या दिशेला?

हातानं ढकलून बघा. जड जातंय का मोकळं, एवढं कळलं तरी निम्मं काम होतं.

आपला,
बुद्धघोष


कळंब रस्ता, वालचंदनगर
१५ नोव्हेंबर २०२५

बुद्धघोषराव यांस जयभीम.

पत्र 'ऐकलं' म्हणता. वाचायला काय झालं? आन अक्षर तुमचं न्हाय. तुमचं अक्षर कोंबडी पायानं उकरती तसं असायचं, हे मोत्यावानी हाय. कारकून ठेवला काय? रिटायर झाल्यावर माणसं साहेब व्हत्यात ते खरं.

बघितलं ते लिहिते. पाणी काचेत पाऊण. पाणी आरोचं. म्हाताऱ्यानं कायम तेच घातलंय, बॉयलरला आरोचं आन बायकोला टाकीचं. काटा ऐंशीवर जाऊन वरची वाफ आपली आपण उडाली. म्हंजी तिथवर सगळं बरोबर.

आनंदनं लिव्हर ओढली. इंजिनानं एक उचकी दिली, अर्धं चाक मागं गेलं आन थांबलं. पुढं न्हाय, मागं. मग धुराड्यातनं फुस्स फुस्स, दमेकऱ्यावानी. परत ओढली, परत तसंच. आनंद आन अनितानं ढकललं तर चाललं, बाजाराला नेलेल्या बोकडावानी, अडत अडत.

म्हातारा खिडकीतनं बघत हुता. मागं गेलं तसं त्यानं डोळं मिटलं. मग लई वेळ आं आं करत राहिला. मी म्हटलं, वरडू नको, तुझ्या बुद्धघोषला लिहिलंय. तर आणखी वरडला.

वजन निम्म्यावर आलंय. कूस बदलायला आता मी एकटी पुरते.

केसरबाई


कऱ्हाटी
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

केसरवहिनींस जयभीम.

अक्षर माझ्या मुलीचं, करुणाचं. बारामतीला दवाखान्यात नर्स आहे, रविवारी येते. माझ्या चष्म्याचा नंबर बदलायचाय, म्हणून ती लिहिते. बाकी काही नाही.

वहिनी, तुम्ही 'मागं' लिहिलंय ते मी करुणाला तीन वेळा विचारलं. तुमच्या इंजिनाला मागं जायची सोयच नाही. मी दादाला म्हटलं होतं, रिव्हर्स ठेवू. तो म्हणाला, "मागं कशाला जायचंय, मागं काय ठेवलंय आपलं." तेव्हा हसलो होतो. म्हणून ते मागं जातंय याचा अर्थ एकच. वाफ चुकीच्या वेळेला आत जातेय.

समजेल असं सांगतो. पिस्टन ज्यात फिरतो त्या नळकांड्याला आम्ही पोट म्हणतो; चाकाच्या आसावर, दोन्ही पोटांकडच्या बाजूला, एकेक जाड चकती आहे. तिचं भोक मधोमध नाही, बाजूला आहे. आस फिरला की चकती लंगडत फिरते आणि ती लंगडी चाल वाफेचं दार उघडते, झाकते. चकती आसावर बोटभर जरी सरकली तरी दार अवेळी उघडतं. घरात पाहुणा आला आणि भात अजून चुलीवर, तसं.

ती चकती एका बारीक स्क्रूनं आवळलेली असते. आपोआप सरकत नाही. आणि सरकलीच तर बसवायला दादानं खूण केली आहे. शेंदूर तेलात खलून प्रत्येक चकतीला एक ठिपका दिलेला आहे, निम्मा चकतीवर आणि निम्मा आसावर. दोन्ही अर्धे जुळले की चकती जागेवर. शेंदूर अशासाठी की तेलात मुरला की वर्षानुवर्षं जात नाही. कंपनीत दादा, मी, आम्ही सगळे फिटर तोच वापरायचो.

आमचं भांडण त्या ठिपक्यावरूनच झालं, हे त्यानं तुम्हाला सांगितलं नसेल. मी म्हणत होतो, पंच घेऊन ठोक, लोखंडात खूण पाड. तो म्हणाला, ठोकलं की माणूस ऐकायचं सोडतो. मला अजून आवाज मनासारखा बसला नाही, महिन्या-दोन महिन्यांनी केसभर सरकवून बघतो. मी म्हणालो, तुझ्या मागं कुणाला काय कळणार? तो म्हणाला, तू मला आत्ताच पोहोचवायला निघालास का? त्यावर मी चप्पल घातली.

तर खाली दिवा धरून बघा, ठिपके जुळतायत का. नसले तर स्क्रू सैल करून जुळवा, आवळा, संपलं. अर्ध्या तासाचं काम. मधल्या काळात कुणी त्या स्क्रूला हात लावला होता का, तेही लिहा.

बुद्धघोष


कळंब रस्ता, वालचंदनगर
२८ नोव्हेंबर २०२५

बुद्धघोषराव यांस जयभीम.

खाली दिवा धरून बघितलं. ठिपके न्हायत. तेलानं गेलं असतील. तुमचा शेंदूर पयल्यासारखा राहिला न्हाय, सगळ्यात भेसळ हाय.

स्क्रूला कुणी हात लावला न्हाय.

ठिपक्याबिगर दुसरा काही उपाय असंल तर लिहा. न्हायतर सरळ तुमी या. आनंदला सुट्टी घ्यायला लावते, गाडी घेऊन येईल. भांडण मेलं आता, निम्मा माणूसबी मेलाय. तुमी डोळ्यानं बघून बसवाल.

काल म्हाताऱ्यानं दोन वेळा पेज थुंकली. मी म्हटलं, उपाशी मरायचंय तर मर, पण रोज चादर धुवायला लावू नको. अनिता म्हणाली, आत्याबाई, असं बोलू नये. तिला म्हटलं, बावन्न वर्सं असंच बोलतीय, आज गोड बोलले तर त्याला वाटंल आपली वेळ आली.

केसरबाई


कऱ्हाटी
रविवार, ७ डिसेंबर २०२५

केसरवहिनींस जयभीम.

काल सहा डिसेंबर. चैत्यभूमीला दादा आणि मी सलग एकोणीस वर्षं एकाच गाडीनं गेलो होतो. काल घरीच मेणबत्ती लावली.

मला यायला जमत नाही. गुडघा सुजलाय.

ठिपके नसले तरी बसवता येतं. अवघड आहे, पण तुम्ही धीराच्या आहात. पोटाच्या वरचं झाकण काढा, सहा बोल्ट आहेत. आत लहान डबीसारखं दार दिसेल, ते मागंपुढं सरकतं. चाक हातानं फिरवून पिस्टन पुढच्या टोकाला आणा, जिथून तो आणखी पुढं जात नाही. आता चकती अशी फिरवा की ते दार पुढच्या फटीवरून जरासंच सरकेल. जरासं म्हणजे पोस्टकार्डाच्या जाडीएवढं. पोस्टकार्ड आत जायला हवं आणि नखानं ओढल्यावर अडकत बाहेर यायला हवं. मग स्क्रू आवळा. पिस्टन मागच्या टोकाला नेऊन मागच्या फटीलाही तसंच बघा. दोन्हीकडं सारखं आलं तर जमलं. मग दुसऱ्या बाजूला पुन्हा तेच.

झाकणाखाली कागदाचं वायसर आहे, ते फाटेल. जाड तपकिरी कागद तेलात बुडवून तसाच कापून घ्या.

आणि दादाला खुर्चीत बसवून शेडात न्या. चकती सरकवताना त्याच्याकडं बघा. त्यानं मान हलवली तर तिथं थांबा. त्याचं तोंड गेलंय, पण हिशोब डोक्यात असेल.

बुद्धघोष


कळंब रस्ता, वालचंदनगर
२२ डिसेंबर २०२५

बुद्धघोषराव यांस जयभीम.

तुमचा कागद खिळ्याला अडकवून पंधरा दिवस ह्यात घालवलं. आता खरं लिहिते. पुरं वाचा, मग काय शिव्या द्यायच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात द्या.

पयलं इंजिनाचं. पाच बोल्ट निघालं. सहाव्याची मुंडी तुटून आनंदच्या हातात आली, बाकीचा आतच राहिला. कागद अनिताच्या मिक्सरच्या खोक्याचा कापला. चकती बसवली, पोस्टकार्ड अडकत निघालं. मागच्या फटीला बघितलं तर दोन पोस्टकार्डं ढिली जात हुती. मागचं बसवलं तर पुढचं बंद. असं नऊ वेळा. माझा हात कापतो, आनंदला घाई, त्याला दुधाच्या पाळीवर जायचं असतं. तरी एका रविवारी दोन्हीकडं जमल्यासारखं वाटलं म्हणून पेटवलं. तुटल्या बोल्टाकडनं वाफेचा असा फवारा आला की अनिताचा पदर भिजला. चाक ह्या वेळी मागंबी गेलं न्हाय. जागचं हललंच न्हाय.

म्हाताऱ्याला खुर्चीत बांधून शेडात नेला. मी चकती सरकवली, विचारलं, हितं? त्यानं मान हलवली. आणखी सरकवली, हितं? परत हलवली. मग मी मुद्दाम उलटीकडं नेली आन विचारलं, हितं का? तरी व्हय. मग म्हटलं, तू गाढव हाईस का? त्यालाबी व्हय. लकव्यानं त्याचं न्हायच नेलंय, बुद्धघोषराव. उभ्या जन्मात ज्यानं माझ्या एका शब्दाला सरळ व्हय म्हटलं न्हाय, तो आता सगळ्यालाच व्हय म्हणतो.

मग त्यानं डावा हात पुढं केला. मी खुर्ची जवळ ओढली. त्यानं चकतीवर अंगठा ठेवला, जिथं ठिपका हुता तिथं, आन अंगठा घासला. पुढं मागं, पुढं मागं. भांडं घासतात तसा. घासला आन माझ्याकडं बघितलं. बघत राहिला.

त्याला म्हाईत हाय. आता तुमालाबी असू दे.

ठिपके तेलानं गेलं न्हायत. मी घालवलं. खंडेनवमीला इंदिरेच्या घरी सगळ्याची पूजा झाली, मोटारसायकल, शिलाईमशीन, पाण्याची मोटर. दसऱ्याला ती आपट्याची पानं द्यायला आली, म्हाताऱ्याला बघून शेडाकडनं गेली. दुसऱ्या दिवशी मी इंजिन पुसायला घेतलं आन खाली लाल ठिपका दिसला. एकीकडं एक, दुसरीकडं एक. मला वाटलं, हिनं आमच्या इंजिनाला कुंकू लावलं. म्हातारा पडलाय, बोलत न्हाय, तवा आमाला परत त्यात घालाया निघाली. सासऱ्यानं छप्पन साली घरातलं देव पोत्यात घालून नीरेत सोडलं, ते काय हिनं आमच्या दारात परत ठिपका देण्यासाठी?

चिंच लावली, राख लावली. जाईना. तारेचा ब्रश घेतला. निम्मा चकतीच्या खाली गेला हुता, मी काम अर्धं टाकत न्हाय, म्हाताऱ्याच्या पेटीतली वाकडी चावी घेऊन स्क्रू सैल केला, चकती सरकवली, आतलंबी घासलं. परत आवळली. कुठं हुती ते कुणी बघितलं? मला ते लंगडं फिरतं म्हाईतच न्हवतं.

आन सगळा वेळ म्हातारा खिडकीतनं वरडत हुता. आं आं आं, खाट मोडंल असा. मला वाटलं, त्यालाबी राग आलाय त्या कुंकवाचा. मला वाटलं, मला साथ देतोय. म्हणून मी आणखी जोरात घासलं.

त्या दिवसापासनं बोट शेडाकडं हाय. इंजिन चालू करा म्हणून न्हाय, बुद्धघोषराव. तू काय केलंस बघ म्हणून. आन मी समजत हुते त्याला पोरांची फेरी आठवतीय.

इंदिरेला मी नको नको ते बोलले हुते. तिला अजून सांगितलं न्हाय. सांगितलं तर ती माफ करंल, आन ते मला सोसायचं न्हाय.

आता गुडघा सुजला, चष्मा फुटला, काही सांगू नका. आनंद येत्या रविवारी तुमच्या दारात गाडी घेऊन येईल. तुमी त्यात बसायचं.

केसरबाई


कऱ्हाटी
रविवार, २८ डिसेंबर २०२५

केसरवहिनींस जयभीम.

आनंद आला होता. तो तुम्हाला सांगेलच, पण त्याच्या आधी मी सांगायला पाहिजे होतं.

मला दिसत नाही. साखरेनं डोळे गेले, दोन वर्षं झाली. आधी उजवा, मग डावा. गुडघा ठणठणीत आहे. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हाच लिहायला हवं होतं. पण आठ वर्षांनी कुणीतरी मला फिटर म्हणून हाक मारली होती. मला वाटलं, कागदावरून जमेल. इंजिन माझ्या डोक्यात अजून जसंच्या तसं आहे, एकेक बोल्ट दिसतो.

तुम्ही म्हणाल, हातानं चाचपून बसवा. आंधळे तसं करतात म्हणे. साखरेनं माझी बोटंही नेलीत. चहाचा कप गरम आहे का, ते करुणा सांगते. पोस्टकार्ड माझ्या बोटांत दिलं तर ते कार्ड आहे की हवा आहे, मला कळत नाही.

तेव्हा ते ठिपके असते तरी मला दिसले नसते. तुम्ही पुसले, मी ठोकायला लावले नाहीत, त्यानं ठोकू दिले नाहीत. वाटणी करायची तर तिघांत करू. दुसऱ्या कुणाला शोधा म्हणावं, तर तसं इंजिन बसवणारे आम्ही दोघंच होतो, आणि आम्ही दोघंही आता असे.

एकच राहतं. शिट्टी. शिट्टीला चकती लागत नाही, वेळ लागत नाही, नुसती वाफ लागते. लिव्हर बंद ठेवा म्हणजे तुटल्या बोल्टाकडं वाफ जाणार नाही. काटा साठवर आला की शिट्टीची साखळी ओढा. फेरी सुरू करायच्या आधी तो दोन लांब शिट्ट्या द्यायचा. तेवढं तरी त्याच्या कानावर जाऊ द्या.

बुद्धघोष

(काकू, बाबांनी सांगितलं तसंच लिहिलंय. मी त्यांना पहिल्या पत्रापासून म्हणत होते. – करुणा)


कळंब रस्ता, वालचंदनगर
८ जानेवारी २०२६

बुद्धघोषराव यांस जयभीम.

आंधळ्याला वाट विचारली आन त्यानंबी सांगितली. दोघांची अक्कल सारखीच. शिव्या द्यायला लेखणी घेतली हुती, मग ठेवली. लबाडीत मी तुमच्या पुढं हाय.

मंगळवारी शिट्टी वाजवली. आनंदनं पेटवलं, काटा साठवर आला. म्हाताऱ्याला उशा लावून खिडकीशी बसवला. आनंदनं साखळी ओढली. दोन लांब.

वस्तीतली पोरं चप्पल न घालता पळत आली आन रुळाच्या कडंला ओळीनं उभी राहिली. म्हटलं, जा घरी, आज न्हाय. ती जाईनात. इंदिरा भिंतीपाशी आली. तीन महिन्यांनी पयलं बोलली, "चालू झालं का, केसरकाकू?" मी म्हटलं, न्हाय. ती म्हणाली, "होईल." मी तोंड फिरवलं.

मी म्हाताऱ्याकडं बघत हुते. शिट्टी ऐकून त्याचं डोळं उघडलं, पार मोठं. हसला म्हणावं असं तोंड वाकडं झालं. मग तो थांबला. तुमाला म्हाईत हाय तो कशाला थांबला. दोन शिट्ट्या झाल्या की लिव्हर ओढायची, आन मग पयला ठोका पडतो, छक्क. तो त्या ठोक्याची वाट बघत हुता. डाव्या हाताची बोटं चादरीवर धरली हुती, मोजायला.

ठोका पडला न्हाय. आनंद इंजिनाजवळ मान खाली घालून उभा. वाफ संपत आली, काटा खाली आला. पोरं एकेक करून गेली. म्हातारा तरी बघत हुता. मग त्यानं बोटं मिटली आन हात पोटावर ठेवला.

त्या दिवसापासनं तो बोट दाखवत न्हाय. आन जेवतो. दोन्ही वेळेला दोन दोन चमचे मऊ भात, दात न आवळता. अनिताला आनंद झाला, म्हणाली, बघा आत्याबाई, शिट्टीनं काम केलं. तिला काय सांगू. बावन्न वर्सं मी त्याला ओळखते. शिट्टीनं त्याचं समाधान झालं न्हाय, त्यानं मागायचं सोडलं. आता काहीबी दिलं तर गिळतो.

मला तो दात आवळायचा तेच बरं हुतं.

केसरबाई


कऱ्हाटी
रविवार, १८ जानेवारी २०२६

केसरवहिनींस जयभीम.

पुढच्या रविवारी, पंचवीसला, करुणा मला घेऊन येतेय. इंजिनासाठी नाही. त्याच्या खाटेशी बसतो. त्याला बोलता येत नाही, मला दिसत नाही, भांडायला आता काही उरलं नाही.

बुद्धघोष


कळंब रस्ता, वालचंदनगर
१ फेब्रुवारी २०२६

बुद्धघोषराव यांस जयभीम.

तुमी पंचवीसला येणार हुता, म्हातारा बावीसला सकाळी भात गिळता गिळता गेला. तुमी मातीला आला, आठवड्यानं पुण्यानुमोदनालाबी आला, दोन्ही वेळेला गर्दीत बोलणं झालं न्हाय, म्हणून लिहिते.

पुण्यानुमोदनाला भंतेजी वंदना घेत हुते तवा तुमी उठून करुणाच्या खांद्याला धरून शेडात गेला, ते मी बघितलं. इंजिनाच्या पाठीवरनं हात फिरवला. बोटांना काही कळत न्हाय म्हणता, तरी लई वेळ फिरवला. मी आले न्हाय. आले असते तर दोघांनाबी काहीतरी बोलावं लागलं असतं.

इंदिरा भाकरी घेऊन आली हुती, सुतकाचं घर म्हणून. आमच्यात सुतक नसतं असं मी म्हणाले न्हाय. भाकरी खाल्ली. कुंकवाचंबी सांगितलं. मला वाटलं हुतं तसंच झालं, तिनं माफ केलं.

आनंद म्हणतो, इंजिन झाकून ठेवू. अनिता म्हणते, पुढं कधी कुणीतरी भेटंल दुरुस्त करणारं. मला तसं वाटत न्हाय. जे करणारे हुते त्यातला एक जळला आन एकाला मीच पत्र लिहितीय.

पण काल दुपारी घरात कुणी न्हवतं तवा मी म्हाताऱ्याची पेटी उघडली. पंच काढला, हातोडा काढला. इंजिनाखाली गोधडी टाकून आडवी झाले. चकती जिथं हाय तिथंच, निम्मा घाव तिच्यावर आन निम्मा आसावर पडंल असा पंच धरला आन ठोकला. एक घाव अंगठ्यावर बसला, दुसरा बरोबर पडला. मग दुसऱ्या बाजूची ठोकली. तुमी म्हणत हुता तशी, लोखंडात.

जागा चुकीची हाय, मला म्हाईत हाय. पण ही खूण चिंचंनं जायची न्हाय, राखंनं जायची न्हाय. कुणी आलंच कधी, तर त्याला एवढं तरी कळंल की हितं बसवून बघितलंय. हितं न्हाय.

करुणा, हे बापाला पुरं वाचून दाखव. मधलं काही गाळू नको.

केसरबाई